चंदू बोर्डे आणि सरासरीचं खूळ



१८ डिसेंबर २०२४ ला रविचंद्रन अश्विननं ब्रिस्बेनच्या कसोटीनंतर पत्रकारांसमोर बसून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. मालिकेतले दोन सामने शिल्लक असताना तो घरी निघून आला. १०६ कसोट्या, ५३७ बळी, ३५०३ धावा, सहा शतकं. त्या दिवसापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जी चर्चा पेटली ती काही केल्या विझत नाही. आधी विषय होता की एवढ्या मोठ्या खेळाडूला निरोपाचा सामना मिळाला नाही, हा केवढा अन्याय. मग गाडी वळली ती भारताचे महान अष्टपैलू कोण, ह्या यादीकडे. कपिल देव आले, विनू मांकड आले, अश्विन-जडेजा आले. मी लिहिलं, "चंदू बोर्डे?" त्यावर आमच्या एका भाच्यानं चटकन आकडे फेकले. "मामा, बोर्डे चांगले खेळाडू होते, पण महान अष्टपैलू? फलंदाजीची सरासरी ३५.५९, गोलंदाजीची ४६.४८. गणितच बसत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या."

आता भाच्याला उत्तर द्यायचं तर मोबाईलवर बोटानं टिकटिक करत बसावं लागतं, आणि दोन दिवसांनी ते सगळं वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं. म्हणून इथं सविस्तर लिहितो. सरासरी हा मोजमापाचा एक धागा आहे. त्या एका धाग्यानं माणूस मोजायला निघालेल्यांना अष्टपैलू म्हणजे काय हेच कळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि निरोपाच्या सामन्यासाठी गळा काढणाऱ्यांना निवृत्ती म्हणजे काय हे कळलेलं नाही. बोर्डे यांच्याकडे नीट पाहिलं तर दोन्ही कळतं.

ज्यांना क्रिकेटात फार गोडी नाही (आमच्या घरच्या लेकीसुना हे वाचतात) त्यांच्यासाठी आधी ते गणित सांगतो. फलंदाज एकदा बाद होईपर्यंत सरासरी किती धावा करतो, ती त्याची फलंदाजीची सरासरी. ती जितकी जास्त तितकी चांगली. गोलंदाज एक बळी मिळवायला सरासरी किती धावा देतो, ती गोलंदाजीची सरासरी. ती जितकी कमी तितकी चांगली. अलीकडच्या पंडितांनी ठरवलं आहे की पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तरच तो खरा अष्टपैलू. वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सचे आकडे आहेत ५७.७८ आणि ३४.०३. ह्या मापात सोबर्स दिमाखात बसतात, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

पण हेच माप घेऊन जरा घरी या. विनू मांकड : ३१.४७ आणि ३२.३२. नापास! दत्तू फडकर : ३२.३४ आणि ३६.८५. नापास! विजय हजारे : ४७.६५ आणि ६१. सपशेल नापास! म्हणजे ज्या मांकडांचं नाव भाच्याच्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे, ते त्याच्याच कसोटीत एका गुणापेक्षा कमी फरकानं गळतात. मी चाळीसेक वर्षांपूर्वी वर्गात शिकवत असतो तर म्हणालो असतो, बाळ, ज्या प्रश्नपत्रिकेत वर्गातली सगळी हुशार मुलं नापास होतात ती प्रश्नपत्रिका एकदा तपासून बघावी.

आणि गंमत अशी की बोर्डे ह्याच मापात दुसरीकडे उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात. प्रथम श्रेणीच्या २५१ सामन्यांत त्यांच्या १२,८०५ धावा आहेत, सरासरी ४०.९१. बळी ३३१, सरासरी २७.३२. दोन्हींत तेरा-चौदाचं अंतर! तोच माणूस, तोच लेगस्पिन, तीच बॅट. मग कसोटीत ४६ चा आकडा कुठून आला?

तो आला त्या काळातून. पन्नास-साठच्या दशकांत आपल्याकडच्या खेळपट्ट्या कशा होत्या ते आठवा. १९६०-६१ साली पाकिस्तानविरुद्धच्या पाचही कसोट्या अनिर्णित. १९६३-६४ साली इंग्लंडविरुद्धच्या पाचही अनिर्णित. पाच पाच दिवस दोन्ही बाजू धावा करत बसायच्या आणि शेवटी हात मिळवून घरी जायच्या. अशा खेळपट्टीवर मनगटानं चेंडू वळवणाऱ्याला बळी महागच पडणार. त्यात संघात सुभाष गुप्ते, बापू नाडकर्णी, सलीम दुराणी असे फिरकीपटू. बोर्डे यांच्या हातात चेंडू कधी यायचा? इतरांना यश मिळेना, जोडी फुटेना, फलंदाज रुळले, की मग कर्णधार त्यांच्याकडे बघणार. गाडी चिखलात रुतल्यावर ज्या बैलाला जुंपतात त्याच्या वेगाची सरासरी काढायची, आणि सपाट डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या बैलाशी तुलना करायची, हा कुठला न्याय? आमच्या भागात बैलांची पारख असणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना विचारा.

बरं, ज्या एका मालिकेत ह्या गोलंदाजीला खरा वाव मिळाला तिचं काय झालं? १९६१-६२ साली नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या नेतृत्वाखाली आपण इंग्लंडला मालिकेत २-० असं हरवलं. इंग्लंडविरुद्ध आपला तो पहिला मालिकाविजय. कलकत्ता आणि मद्रास. दुराणींचं नाव त्या विजयाशी जोडलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्या टोकाला जो लेगस्पिनर होता आणि ज्यानं कलकत्त्याला बॅटनंही डाव सावरले, त्याचं नाव घेताना आपली जीभ का अडखळते?

पिकतं तिथं विकत नाही, हेच त्याचं उत्तर. चंद्रकांत गुलाबराव बोर्डे यांचा जन्म २१ जुलै १९३४ चा, पुण्यातला, मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस. जुन्नरहून किंवा मंचरहून एसटीत बसलं की दोन-अडीच तासांत ज्या गावात पोहोचतो त्या गावचा. पण आमच्या जुन्नर-आंबेगावातल्या पोरांना विचारा, मराठी क्रिकेट म्हणजे कोण? गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर. सगळी मुंबई. मुंबईच्या खेळाडूंबद्दल मला अतोनात आदर आहे, पण आमच्या मनातला क्रिकेटचा नकाशा दादरला सुरू होऊन चर्चगेटला संपतो, हे काही बरं लक्षण नाही. अलीकडची मुलं फार तर केदार जाधवचं नाव घेतील. बोर्डे म्हटलं की "कोण बोर्डे?"

तर कोण बोर्डे, ते ऐका.

१९५८-५९ साली वेस्ट इंडीजचा संघ आला होता. त्यांच्याकडे वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट ही वेगवान जोडी. तेव्हा हेल्मेट नव्हतं, छातीला कवच नव्हतं. आपण ती मालिका ०-३ अशी हरलो. बोर्डे यांचं कसोटी पदार्पण त्याच मालिकेत झालं, आणि सुरुवात काही धड झाली नाही. पण शेवटच्या दिल्लीच्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्या डावात ९६ धावा केल्या. तो सामना आपण वाचवला. ९६ वर ते बाद झाले तेही हिट विकेट, स्वतःची यष्टी स्वतःच पाडून! तोपर्यंत भारताच्या एकाच फलंदाजानं एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं केली होती, विजय हजारे यांनी, ॲडलेडला. त्या चार धावा झाल्या असत्या तर बोर्डे दुसरे ठरले असते. विक्रमाच्या वहीत ते नाव नाही. पण तीन कसोट्या हरून खचलेल्या संघाला ज्यानं दोन्ही डावांत उभं केलं त्याला वहीत शोधायचं कशाला?

१९६१ च्या जानेवारीत मद्रासला पाकिस्तानविरुद्ध नाबाद १७७. ही त्यांची सर्वोच्च खेळी.

आणि मग १९६४ चा दसरा. १५ ऑक्टोबर. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी, शेवटचा दिवस, जिंकायला २५४ हव्या होत्या. मी तेव्हा शाळकरी पोर. गावात रेडिओ मोजून दोन, त्यातला एक वाण्याच्या दुकानात. समालोचन इंग्रजीतून. आम्हाला त्यातलं काही कळत नसे, फक्त आकडे आणि नावं कळत. पतौडी आणि विजय मांजरेकर यांनी डाव सावरला होता, पण मग दोघेही बाद झाले. आठ गडी बाद आणि अजून तीसेक धावा हव्यात. खेळपट्टीवर बोर्डे, आणि जोडीला यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी. वाण्यानं गिऱ्हाईक थांबवलं होतं. गिऱ्हाईकही थांबलं होतं म्हणा! मग रेडिओतून एकदम असा गलका झाला की इंग्रजी कळायची गरजच उरली नाही. भारत दोन गडी राखून विजयी. बोर्डे नाबाद ३०, इंद्रजितसिंहजी नाबाद ३. आपट्याची पानं वाटताना त्या संध्याकाळी मोठी माणसंसुद्धा "बोर्ड्यांनी सोनं लुटलं" असं म्हणत होती.

आता माझा प्रश्न. ह्या नाबाद ३० धावा आणि एखाद्या कंटाळवाण्या, अनिर्णित सामन्यातल्या नाबाद ३० धावा, सरासरीच्या लेखी सारख्याच ना? गणिताला दसरा कळत नाही. आठ गडी बाद आहेत हे कळत नाही. म्हणून गणित वाईट असं मी म्हणत नाही, पण गणिताला जे विचारायचं तेवढंच विचारावं. "किती?" हा प्रश्न त्याला विचारा, तो खरं उत्तर देईल. "केव्हा?" आणि "कशासाठी?" हे प्रश्न माणसांना विचारावे लागतात.

माझ्या विरुद्ध बाजूनं जे म्हणता येईल तेही प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर एकतर्फी बोलतात. १९६४ च्या सुमारास खांदा दुखावल्यामुळे बोर्डे यांची गोलंदाजी थांबली. ५५ कसोट्यांत बळी ५२ च, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात तर ते निव्वळ फलंदाज होते. १९६७ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांच्या बॅटीतून धावाही निघाल्या नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस पतौडी जायबंदी असल्यानं ॲडलेडला त्यांना कर्णधारपद मिळालं, ते एकाच कसोटीपुरतं, आणि ती कसोटी आपण हरलो. सगळं खरं.

पण खांदा गेल्यावर ह्या माणसानं काय केलं ते बघा. पाच कसोटी शतकांपैकी तीन त्यानंतरची आहेत. मार्च १९६५ मध्ये मुंबईला न्यूझीलंडनं आपल्याला ८८ धावांत गुंडाळलं, फॉलोऑन दिला. दुसऱ्या डावात दिलीप सरदेसाई नाबाद २०० आणि बोर्डे १०९! हरलेला सामना आपण असा फिरवला की शेवटी न्यूझीलंडचेच आठ गडी बाद झाले होते आणि ते वाचले. मग १९६६ च्या डिसेंबरात मुंबईला वेस्ट इंडीजविरुद्ध १२१ आणि १९६७ च्या जानेवारीत मद्रासला १२५. समोर हॉल, ग्रिफिथ, सोबर्स आणि गिब्ज. एक हात निकामी झाल्यावर दुसऱ्या हातानं दोन हातांचं काम करणाऱ्याला तुम्ही "एक ना धड" म्हणणार?

ह्या म्हणीचाच मला खरा राग आहे. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण आपण अष्टपैलू माणसाला सरसकट चिकटवतो. चिंध्या कुणाच्या? जो दहा गोष्टी सुरू करतो आणि एकही तडीस नेत नाही त्याच्या. जो संघाला ज्या वेळी जे लागेल ते करतो, त्याचं काम म्हणजे चिंध्या नव्हेत, ती गोधडी आहे. तुकडे वेगवेगळ्या रंगांचे असतील, पण थंडीत पांघरायला तीच लागते.

आमच्या भागातलंच उदाहरण देतो. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांमधून, किंवा जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाकडच्या डोंगरपट्टीत, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळा आहेत. एक शिक्षक आणि त्याच्यासमोर एकाच खोलीत दोन दोन इयत्ता. एका इयत्तेला पाढे लिहायला सांगायचे आणि दुसरीला कविता शिकवायची. मध्येच पोषण आहाराची वही, मध्येच जनगणना, मध्येच मतदार याद्या. त्या शिक्षकाच्या एकेका विषयाच्या निकालाची सरासरी काढून ती शहरातल्या गणिताच्या स्वतंत्र शिक्षकाशी ताडून बघा, तो हरेलच. पण तो नसेल तर त्या वाडीत शाळाच नसेल. मी नोकरीत अशी माणसं जवळून पाहिली आहेत. त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कार क्वचितच मिळाला. बोर्डे यांच्याविषयी "आकडे बसत नाहीत" असं कुणी म्हटलं की मला ती माणसं आठवतात, आणि म्हणून माझा आवाज चढतो.

आता निवृत्तीकडे येऊ.

बोर्डे यांची शेवटची कसोटी नोव्हेंबर १९६९, मुंबई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. वय ३५. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट होते आणि तरुणांना संधी द्यायची असं धोरण ठरलं होतं. पुढच्या कसोटीला, कानपूरला, बोर्डे संघात नव्हते. त्याच कसोटीत एका ठेंगण्या पोरानं पदार्पण केलं, पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात १३७. त्याचं नाव गुंडाप्पा विश्वनाथ. म्हणजे निवड समितीचा निर्णय चुकला असंही म्हणायची सोय नाही! पण सांगायची गोष्ट ही की ११ वर्षं खेळलेल्या, कर्णधार झालेल्या, त्याच साली पद्मश्री मिळालेल्या खेळाडूला "हा तुमचा शेवटचा सामना" असं सांगणारं कुणी नव्हतं. निरोपाचा सामना नाही, दोन्ही बाजूंनी रांगा लावून बॅटी उंचावणं नाही, पत्नी-मुलांना मैदानावर बोलावणं नाही. पुढच्या संघाची यादी आली, तीत नाव नव्हतं. संपलं.

आणि मग ते काय करू लागले? खेळू लागले! महाराष्ट्राकडून, रणजी सामने, १९७२-७३ पर्यंत. तारुण्याची दहा वर्षं ते बडोद्याकडून खेळले होते, १९५७-५८ च्या रणजी विजेत्या बडोदा संघात ते होते. १९६४ पासून पुन्हा आपल्या महाराष्ट्राकडे आले. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला, मुंबईकडून ४८ धावांनी हरला. कसोटीतून वगळलेला माणूस रणजीच्या रिकाम्या स्टँडसमोर पोराटोरांबरोबर पुढची तीन वर्षं उभा राहतो, हे आजच्या निरोपसम्राटांना कळायचं नाही.

ते झाल्यावर १९८४ ते १९८६ निवड समितीचे अध्यक्ष. १९८९ साली पाकिस्तानला गेलेल्या संघाचे व्यवस्थापक. कुठला दौरा? ज्या दौऱ्यात १६ वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिल्यांदा कसोटी खेळला, तोच. १९९९ ते २००२ पुन्हा निवड समितीचे अध्यक्ष. सचिननं कर्णधारपद सोडल्यावर २००० साली सौरव गांगुलीकडे संघ सोपवला गेला तो ह्याच समितीच्या काळात. २००२ मध्ये पद्मभूषण. आता तरी माणसानं आरामखुर्चीत बसावं की नाही? पण २००७ साली विश्वचषकात आपली वाताहत झाली, ग्रेग चॅपेल गेले, ग्रॅहॅम फोर्ड यांनी येतो म्हणून नकार दिला, आणि इंग्लंडचा दौरा तोंडावर. तेव्हा मंडळाला पुण्यातल्या बोर्डे यांची आठवण झाली. वय ७२! कित्येकांनी नाकं मुरडली. एवढा म्हातारा माणूस आजच्या पोरांना काय सांगणार, वगैरे. बोर्डे व्यवस्थापक म्हणून गेले, त्यांना ७३ वं वर्ष पूर्ण झालं ते लॉर्ड्सची कसोटी चालू असताना. आणि राहुल द्रविडच्या संघानं इंग्लंडमध्ये १-० अशी मालिका जिंकली, १९८६ नंतर पहिल्यांदा. ती द्रविडच्या पोरांनी जिंकली, बोर्डे यांनी नव्हे, हे मलाही कळतं. पण घर अडचणीत असताना ज्याला हाक मारता येते आणि जो "मला निरोप कुठं दिला होता?" असं न विचारता येतो, त्याला आपण आपल्या भाषेत घरातलं मोठं माणूस म्हणतो.

म्हणून निरोपाच्या सामन्याच्या रडगाण्याची मला गंमत वाटते. हल्ली आमच्याकडेही निवृत्तीचं फार स्तोम माजलं आहे. सेवापूर्ती समारंभ, चौकात फ्लेक्स, मांडव, शाल-श्रीफळ, फेटा, पंगत. करा, हौस म्हणून करा, त्यात वाईट काही नाही. पण फेटा उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस काय करतो, हा खरा प्रश्न. बोर्डे यांच्या शेवटच्या कसोटीपासून त्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत ३८ वर्षं झाली. त्यांची कसोटी कारकीर्द ११ वर्षांची. आता तुम्हीच ठरवा वारसा कुठं मोजायचा. अकरात की अडतिसात?

एवढं सगळं जुनं उगाळण्याचं कारण नवं आहे. अष्टपैलू ही जातच आपण संपवत चाललो आहोत. आयपीएलमध्ये २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर'चा नियम आला. सामना चालू असताना एक खेळाडू बदलायचा. म्हणजे फलंदाजी करताना जादा फलंदाज घ्या, गोलंदाजी करताना त्याच्या जागी जादा गोलंदाज घ्या. मग थोडं हे, थोडं ते करणाऱ्याची गरजच काय? खुद्द रोहित शर्मानं २०२४ मध्ये उघड सांगितलं की हा नियम आपल्याला पसंत नाही, त्यामुळे अष्टपैलू घडायला खीळ बसते.

आणि वरच्याचं खाली झिरपायला वेळ लागत नाही. कांदा काढून झाला की आमच्या दोन्ही तालुक्यांत गावोगाव मोकळ्या रानात टेनिस बॉलचे सामने भरतात. अमुक चषक, तमुक चषक, रात्रीचे दिवे, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, लाखाचं बक्षीस. मला हे सामने आवडतात, मी खुर्ची टाकून बघतो. पण तिथं काय दिसतं? प्रत्येकाला पहिली बॅटिंग हवी. बराकीच्या पत्र्यावर चेंडू आदळला की शिट्ट्या. संघात दोघं-तिघं बाहेरून पैसे देऊन आणलेले, एक निव्वळ मारणारा, एक निव्वळ टाकणारा. त्यांची पोरं नुसती संख्या भरायला. जे पोरगं तीन षटकं मार खाऊन टाकतं, मग आठव्या नंबरला जाऊन सहा धावा काढतं, आणि उसात गेलेला चेंडू शोधायला (बिबट्याच्या भीतीनं हल्ली बॅटरी घेऊन का होईना) तेच जातं, त्याला शेवटी काय मिळतं? उत्कृष्ट फलंदाजाला सायकल. उत्कृष्ट गोलंदाजाला सायकल. षटकारांच्या राजाला रोख रक्कम. ह्याला काही नाही. बक्षिसं वाटणाऱ्या पाहुण्यांचे फोटो मात्र फ्लेक्सवर बारा.

ही पोरं हे सगळं बघत असतात. दोन कामं शिकण्यात फायदा नाही, एकच काम गाजवून करावं, हे ती दहाव्या वर्षीच शिकतात. मग पुढं गावात, संस्थेत, घरात, "हे माझं काम नाही" म्हणणारी माणसं वाढली की आपण विचारतो, असं का झालं बुवा!

तेव्हा भांडण मिटवायची माझी एक सूचना आहे, आणि ती अजिबात अवघड नाही. जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या तरी मंडळानं येत्या हंगामात एक बक्षीस अष्टपैलू खेळाडूसाठी ठेवावं आणि त्याला चंदू बोर्डे यांचं नाव द्यावं. ते कुणाला द्यायचं ह्याचा निकाल गुणपत्रिका बघून लावायचा नाही. दोन्ही पंचांना आणि हरलेल्या संघाच्या कप्तानाला विचारायचं, "तुम्हाला सगळ्यात जड कोण गेला?" हरलेल्याला ते बरोबर माहीत असतं. फ्लेक्सवर बारा फोटोंच्या जागी अकरा छापा, आणि बाराव्या जागी बोर्डे यांचा छापा. खाली एवढंच लिहा : पुणे, ५५ कसोट्या, १९५८ ते १९६९. पोरं विचारतील कोण हे, आणि कुणीतरी सांगेल.

ब्लॉगवाल्या मित्रांनी आणि नातेवाइकांनी आपापल्या गावच्या मंडळांना हे कळवावं. असहमत असणाऱ्यांनी जरूर भांडावं, पण नुसती सरासरी फेकू नये, सामना सांगावा. आणि बक्षिसासाठी वर्गणी काढायची झाली तर पहिली पावती माझ्या नावानं फाडा. पाचशे एक रुपये. ट्रॉफी लहान असली तरी चालेल, नाव मात्र स्वच्छ अक्षरात कोरा.